६५ वॅटचा चार्जर, तरी फोन १५ वॅटवरच अडतो: दोष कशात?

नाशिककर_८७

फोन सॅमसंगचा, बॅटरी ५००० एमएएच, कमाल चार्जिंग २५ वॅट. चार्जर दुसऱ्या कंपनीचा, ६५ वॅटचा गॅन (गॅलियम नायट्राइडच्या भागांचा, आकाराने लहान), त्याला दोन सी पोर्ट. शिवाय घरात एक जुना ए टाइप चार्जर आहे, ५ व्होल्ट २ अँपिअरचा. केबल दोन: सी-टू-सी १ मीटर, पाकिटावर ६० वॅट लिहिलेलं, आणि ए-टू-सी २ मीटर, नायलॉनची वीण असलेली, दिसायला चांगली जाड.

यूएसबी मीटर चार्जरच्या बाजूला लावून घेतलेले आकडे असे (फोन २० टक्क्यांवर, स्क्रीन बंद, कव्हर काढलेलं):

६५ वॅटचा चार्जर + सी-टू-सी: ९.०२ व्होल्ट, १.६४ अँपिअर. स्क्रीनवर नुसतं 'फास्ट चार्जिंग' येतं, 'सुपर फास्ट' येत नाही.

जुना चार्जर + २ मीटरची केबल: ५.०८ व्होल्ट, ०.८८ अँपिअर.

आणखी एक गोष्ट. सी-टू-सी केबलची पिन फोनला एका बाजूने लावली की लगेच चार्जिंग सुरू होतं, उलटी करून लावली की कित्येकदा काहीच होत नाही. ए-टू-सी मात्र दोन्ही बाजूंनी चालते.

चार्जरवर बारीक अक्षरात लिहिलंय: ५ व्होल्ट ३ अँपिअर, ९ व्होल्ट ३ अँपिअर, १२ व्होल्ट ३ अँपिअर, १५ व्होल्ट ३ अँपिअर, २० व्होल्ट ३.२५ अँपिअर.

सेटिंगमध्ये फास्ट आणि सुपर फास्ट दोन्ही चालू आहेत. नवीन केबल घ्यावी, चार्जर बदलावा की फोन दुरुस्तीला द्यावा?

वॅटमीटर

आकडे व्यवस्थित दिलेत, त्यामुळे अंदाज बांधत बसावं लागत नाही. तुमच्याकडे एक नाही, तीन वेगवेगळे प्रश्न आहेत आणि तिन्हींची कारणं निरनिराळी आहेत. मी पहिल्याचं सांगतो.

९.०२ गुणिले १.६४ म्हणजे १४.८ वॅट. सॅमसंगचं १५ वॅटचं फास्ट चार्जिंग ते हेच: ९ व्होल्ट, १.६७ अँपिअर. म्हणजे फोन आणि चार्जर यांची बोलणी झाली, पण ९ व्होल्टच्या ठरावीक पायरीवरच थांबली. पुढे जायला फोनला पीपीएस (व्होल्टेज बारीक पायऱ्यांनी बदलता येणारी चार्जिंगची पद्धत) लागतं, आणि तुमच्या चार्जरवरच्या यादीत ते नाहीच. पीपीएस असलेल्या चार्जरवर या आकड्यांच्या खाली वेगळी ओळ असते: 'पीपीएस ३.३–११ व्होल्ट, ३ अँपिअर' अशी, म्हणजे व्होल्टेजचा एक पट्टा आणि त्यापुढे करंट. ती ओळ नसेल तर चार्जर ६५ चा असो की १०० चा, या फोनला तो १५ वॅटचाच.

कारण समजून घेतलं तर दुकानात फसगत होत नाही. साध्या पीडीमध्ये (पॉवर डिलिव्हरी, म्हणजे यूएसबी-सीवरच्या जलद चार्जिंगचा नियम) चार्जर ५, ९, १५, २० अशा ठरलेल्या पायऱ्यांवर व्होल्टेज देतो. ९ व्होल्ट फोनमध्ये आले की बॅटरीच्या ४ व्होल्टच्या आसपास आणायचं काम फोनमधल्या कन्व्हर्टरला करावं लागतं, आणि त्यात बरीच वीज उष्णता होऊन जाते. फोन तापतो, म्हणून कंपनी तिथे १५ वॅटची वेसण घालते. पीपीएसमध्ये फोन चार्जरला सतत सांगत राहतो: आता ८.४४ दे, आता ८.४६ दे. ही पायरी २० मिलिव्होल्टची असते. बॅटरीच्या व्होल्टेजच्या दुप्पट, वर थोडी पडझड धरून, इतकंच फोन मागतो. आतला चार्ज पंप ते व्होल्टेज निम्मं करून करंट दुप्पट करतो. या पद्धतीत ९५ टक्क्यांहून जास्त वीज बॅटरीत पोचते, म्हणून तेवढ्याच तापमानात जास्त वॅट घेता येतात. उष्णता बरीचशी चार्जरच्या डब्यात राहते, फोनमध्ये फारशी येत नाही. मला यूएसबीच्या सगळ्या नियमांत हाच सगळ्यात शहाणा वाटतो.

तेव्हा घ्यायचा चार्जर असा: पीपीएस ३.३–११ व्होल्ट, किमान २.२५ अँपिअर. २५ वॅटच्या फोनला इतकं पुरतं. ४५ वॅटचा फोन असता तर त्याच पट्ट्यात ३ अँपिअरपेक्षा जास्त करंट लागला असता, आणि त्यासोबत ५ अँपिअरची, आत ई-मार्कर चिप (केबल किती करंट पेलते ते सांगणारी) असलेली केबल. तुमच्या फोनला त्या केबलची गरज नाही. ६० वॅटची सी-टू-सी म्हणजे ३ अँपिअरची केबल; २५ वॅटला ती भरपूर झाली. दुकानदार १०० वॅटची केबल पुढे सरकवतील, ती घेऊन एक वॅटही वाढणार नाही.

खरेदी करताना चार्जरवर बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरो) नोंदणी चिन्ह आणि त्याखाली 'आर-' पुढे आठ आकडी नंबर पाहा. बीआयएस केअर अॅपमध्ये तो नंबर टाकला की कंपनीचं नाव आणि वस्तूचा प्रकार दिसतो. नंबर कुठल्या तरी भलत्याच वस्तूचा निघाला तर तो चार्जर हातातही धरू नका. २३० व्होल्ट आणि तुमचं बोट यांच्यामध्ये त्या डब्यातला एक ट्रान्सफॉर्मर आणि काही मिलिमीटरची मोकळी जागा असते. स्वस्तातल्या नकली चार्जरमध्ये काटछाट नेमकी तिथेच होते.

रानवारा

६५ वॅटचा चार्जर २५ वॅटच्या फोनला लावूच नये असं ऐकलंय. बॅटरी लवकर जाते. जितक्याचा फोन तितक्याचाच चार्जर घ्यावा.

वॅटमीटर

@रानवारा, तसं नसतं. ६५ ही चार्जरची क्षमता आहे, तो फोनमध्ये ढकलत नाही. सी पोर्टवर फोन जोडला जाईपर्यंत व्होल्टेजच नसतं. जोडल्यावर आधी ५ व्होल्ट येतात, मग चार्जर आपली यादी सांगतो, फोन त्यातलं हवं ते मागतो आणि तेवढंच मिळतं. बॅटरीचं आयुष्य कमी करतात त्या दोन गोष्टी: उष्णता, आणि १०० टक्क्यांवर तासन् तास राहणं. मोठ्या चार्जरला कमी भार असला तर तो उलट थंड राहतो. विदर्भात मे महिन्यात खोलीच ४० अंशांवर असते, तिथे फोन उशाखाली चार्जिंगला ठेवणं १०० वॅटच्या चार्जरपेक्षा वाईट. बॅटरी ४५ अंशांच्या आसपास गेली की फोन आपणहून करंट कमी करतो, म्हणून उन्हाळ्यात 'चार्जर खराब झाला' असं वाटतं.

ओहम_पुणे

दुसऱ्या आकड्याचं मी घेतो. ५.०८ व्होल्ट आणि ०.८८ अँपिअर म्हणजे जेमतेम साडेचार वॅट. चार्जर २ अँपिअर द्यायला तयार आहे, फोन घेत नाही. दोष केबलमध्ये आहे, आणि वरच्या नायलॉनच्या विणीवर जाऊ नका; जाडी कापडाची असते, तांब्याची नाही.

केबलच्या अंगावर बारीक छापलेलं शोधा. '२८ एडब्ल्यूजी/१पी + २४ एडब्ल्यूजी/२सी' असं काहीतरी असतं. एडब्ल्यूजी म्हणजे तारेच्या जाडीचं माप. पहिला आकडा डेटाच्या जोडीचा, दुसरा विजेच्या दोन तारांचा. आकडा जितका मोठा तितकी तार बारीक. २८ नंबरच्या तांब्याच्या तारेला मीटरमागे सुमारे ०.२१ ओहम रोध असतो, २४ नंबरला ०.०८४, २० नंबरला ०.०३३. वीज जाते आणि परतही येते, म्हणून २ मीटरच्या केबलमध्ये ४ मीटर तार धरायची. २८ नंबर असेल तर ०.८५ ओहम. त्यातून ०.८८ अँपिअर गेला की ०.७५ व्होल्ट केबलमध्येच संपले. फोनपाशी उरले ४.३३.

फोन इथे हुशारी करतो. करंट थोडा थोडा वाढवत नेतो आणि आत येणारं व्होल्टेज ठरावीक मर्यादेखाली गेलं की मागे सरतो. तुमच्या फोनने ०.८८ वर हात टेकले ते त्यामुळेच. हाच चार्जर १ मीटरच्या २४ नंबरी केबलवर लावा. रोध ०.१७ ओहम, दीड अँपिअरला पडझड पाव व्होल्ट. फोन आरामात दीडच्या आसपास घेईल.

खात्री करायची रीत: मीटर आता फोनच्या बाजूला लावा आणि तेव्हाचं व्होल्टेज आणि करंट लिहा. चार्जरकडचं व्होल्टेज वजा फोनकडचं व्होल्टेज, भागिले करंट, हा केबलचा रोध. दोन्ही वेळा बॅटरी साधारण तितकीच भरलेली हवी आणि स्क्रीन बंद हवी, नाहीतर करंट बदलतो आणि वजाबाकीला अर्थ उरत नाही. हे मोजमाप नेहमी साध्या ५ व्होल्टच्या चार्जरवर करा. पीपीएसवर फोन स्वतःच व्होल्टेज वर-खाली करत असतो, तिथे हा हिशेब लागू पडत नाही. १ मीटरच्या केबलला ०.२५ ओहमच्या आत आकडा आला तर ती ठेवायची. ०.४ च्या वर गेला तर ती केबल नेकबँडला आणि ट्रिमरला.

सी-टू-सी केबलवर लांबीचा फरक इतका का जाणवत नाही? ९ व्होल्टमधून अर्धा व्होल्ट गेला तरी साडेआठ उरतात. ५ मधून अर्धा गेला की फोन अडचणीत येतो.

मीटर घेताना एक बघा: सी टाइपचाच, सीसी लाइन (फोन आणि चार्जरची बोलणी ज्या तारेवरून होतात ती) आरपार नेणारा हवा. ए टाइप मीटरला कनेक्टर जोडून सी केबल लावली तर पीडीची बोलणीच होत नाहीत आणि चांगला चार्जर ५ व्होल्टवर बसलेला दिसतो. नव्या चार्जरला दोष देणाऱ्या निम्म्या तक्रारी त्यातूनच येत असाव्यात असा माझा समज आहे.

सोल्डर_सातारा

पिन एका बाजूने चालते, दुसऱ्या बाजूने नाही, ही खूण महत्त्वाची आहे, ती सोडू नका.

सी पोर्टमध्ये सीसी नावाचे दोन संपर्क असतात, वरच्या रांगेत एक, खालच्या रांगेत एक. केबलच्या पिनमध्ये मात्र सीसीची तार एकच. त्यामुळे पिन एका बाजूने लावली की फोनचा पहिला सीसी वापरला जातो, उलटी लावली की दुसरा. सी-टू-सी केबलवर सीसी जुळल्याशिवाय चार्जर वीजच सोडत नाही. ए टाइप चार्जर मात्र ५ व्होल्ट कायम देत असतो, म्हणून ए-टू-सी दोन्ही बाजूंनी चालते. तुमच्या फोनचा एक सीसी नीट टेकत नाहीये. शंभरातल्या बहुतेक वेळा कारण खिशातला भुसा असतो.

आधी केबल की पोर्ट ते ठरवा. तीच केबल दुसऱ्या सी टाइप फोनला दोन्ही बाजूंनी लावा. तिथे दोन्हीकडून चालली तर दोष तुमच्या फोनच्या पोर्टचा. मग पोर्टमध्ये टॉर्च मारून बघा. पिन लावल्यावर शेवटी 'खट्' असं जाणवायला हवं आणि पिनचा धातूचा भाग पूर्ण आत जायला हवा. धातूची अर्धा-एक मिलिमीटर रेघ बाहेर दिसत असेल तर तळाशी भुसा दाबून बसलाय. प्रत्येक वेळी पिन लावताना आपणच तो ठासत जातो. काही महिन्यांनी त्याचा नमद्यासारखा घट्ट थर होतो, करड्या रंगाचा. वरून पाहिलं तर तोच पोर्टचा तळ वाटतो.

साफ करायचं ते असं. फोन पूर्ण बंद करा, नुसता लॉक नको. लाकडी टूथपिक ब्लेडने दोन बाजूंनी तासून चपटी करा, जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. पोर्टच्या मधोमध जी पातळ जीभ असते तिच्यावर सगळे संपर्क आहेत, तिला जोर लावायचा नाही. काडी जिभेच्या आणि बाहेरच्या भिंतीच्या मधून, भिंतीला घासत तळापर्यंत न्या, कोपऱ्यात टोक अडकवा आणि बाहेर ओढा. जीभेच्या वर एकदा, खाली एकदा, आणि दोन्ही कडांना. पहिल्या एक-दोन खेपांना काही येत नाही, मग एकदम गोळाच्या गोळा निघतो. शेवटी रबरी पंपाने हवा मारा. तोंडाने फुंकू नका, थुंकी उडते. संपर्क काळपट दिसत असतील तर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये काडीचं टोक किंचित ओलं करून हलक्या हाताने फिरवा आणि १५ मिनिटं फोन तसाच ठेवा.

सुई, सेफ्टी पिन, सिमची पिन नको. सीसीचा संपर्क विजेच्या संपर्काला लागूनच असतो, दोन संपर्कांमधलं अंतर मध्यापासून मध्यापर्यंत फक्त अर्धा मिलिमीटर. सुईचा ओरखडा पडला, धातूचा कण राहिला की पुढच्या वेळी चार्जर लावल्यावर ९ व्होल्ट सीसीवर जातात आणि चार्जिंगची आयसी (चिप) जाते. मग काम टूथपिकचं राहत नाही.

पावसाळ्याचं वेगळं सांगतो, कारण जून ते सप्टेंबर दुरुस्तीला येणाऱ्या पोर्टमध्ये हिरवा गंज फार असतो. पाणी गेल्याने पोर्ट लगेच मरत नाही. ओल्या पोर्टला चार्जर लावला की विजेच्या संपर्कावरचा मुलामा विरघळायला लागतो आणि एका रात्रीत संपर्क खाल्ला जातो. ओलाव्याची सूचना आली तर फोन पोर्ट खाली करून तळहातावर हलकेच आपटा आणि पंख्याखाली ठेवा. तांदळात ठेवू नका. कण आणि पीठ आत जातं. सूचना बंद होईपर्यंत वायरलेस असेल तर वायरलेसवर चार्ज करा, नसेल तर थांबा.

नाशिककर_८७

सगळ्यांचे आभार. करून पाहिलं, आकडे देतो.

२ मीटरची केबल: फोनच्या बाजूला ४.३६ व्होल्ट, करंट ०.८८. म्हणजे ०.७२ भागिले ०.८८, सुमारे ०.८२ ओहम. केबलवर फक्त '२८ एडब्ल्यूजी' छापलंय, पुढे काहीच नाही.

पोर्ट: टूथपिकने तीन खेपांत तांदळाच्या दाण्याएवढा करडा गोळा निघाला. आता पिन पूर्ण आत जाते. सी-टू-सी दोन्ही बाजूंनी लागते, पण दुसऱ्या बाजूने लावल्यावर केबल हलवली की चार्जिंग तुटतं.

पीपीएसवाला ४५ वॅटचा चार्जर दोन तासांसाठी मागून आणला. केबल तीच जुनी ६० वॅटची. स्क्रीनवर 'सुपर फास्ट चार्जिंग' आलं. मीटरवर व्होल्टेज ८.८ ते ९.२ मध्ये सरकत राहतं, करंट २.२५ च्या जवळपास. म्हणजे २० वॅट. २५ का नाही? आणि फोनमधल्या बॅटरीच्या अॅपमध्ये ४४०० मिलिअँपिअर दिसतात, मीटरवर २२५०. कोणतं खरं?

वॅटमीटर

दोन्ही खरे. मीटर केबलमधला करंट दाखवतो, अॅप बॅटरीत शिरणारा. मधल्या चार्ज पंपाने व्होल्टेज निम्मं केलं, करंट दुप्पट झाला. २२५० ची दुप्पट ४५००, त्यातून फोन स्वतः थोडं खातो, उरले ४४००. अॅपचा आकडा मीटरच्या दुप्पट दिसला म्हणजे पंप चालू आहे अशी उलटी खूणही यातून मिळते.

२५ हा कमाल आकडा. पट्ट्याच्या वरच्या टोकाला ११ व्होल्ट गुणिले २.२५ म्हणजे २४.७५ होतात, पण बॅटरीचं व्होल्टेज जिथे असेल तिथे फोन साडेआठ-नऊच मागतो. १९ ते २२ दिसले तर चार्जिंग ठणठणीत आहे. बॅटरी निम्मी भरल्यानंतर तेही उतरत जाईल, ८० च्या पुढे चांगलंच. ५००० एमएएच म्हणजे ३.८५ व्होल्टने १९.२५ वॅट-तास, त्यामुळे शून्यापासून पूर्ण भरायला सव्वा ते दीड तास धरा. चार्ज होत असताना स्क्रीन चालू केली की करंट पडतो, ते बघून घाबरू नका.

दोन पोर्टचा चार्जर घेणार असाल तर 'दोन्ही वापरात असताना' किती वॅट, हा तक्ता बघा. बऱ्याच ६५ वॅटच्या चार्जरांत दुसरा पोर्ट वापरात आला की ४५ अधिक २० असे वाटे होतात, आणि २० च्या पोर्टवर पीपीएस असेलच असं नाही. दुसरं उपकरण लावताना पहिल्याचं चार्जिंग क्षणभर बंद होऊन परत सुरू होतं, तो दोष नव्हे, नवी बोलणी चाललेली असतात.

कोकणरेल_डब्बा

याच धाग्यात विचारतो: घरात एक आयफोन १५ आणि एक वनप्लस आहे. सगळ्यांना एकच पीपीएस चार्जर चालेल का?

वॅटमीटर

आयफोन १५ ला पीपीएस लागत नाही, साधं पीडी ९ व्होल्ट पुरतं, आणि पीपीएसच्या चार्जरवर तेही असतंच. वनप्लसचं सुपरवूक ही कंपनीची स्वतःची पद्धत, करंट जास्त, केबलही त्यांचीच. ६५ वॅटचा मूळ चार्जर १० व्होल्ट ६.५ अँपिअर देतो. दुसऱ्या चार्जरवर तो फोन चार्ज होतो, पण बराच हळू. किती हळू ते मॉडेलवर आहे. त्याचा मूळ चार्जर आणि केबल जपून ठेवा, प्रवासात एकच चार्जर न्यायचा असेल तर पीपीएसवाला न्या.

सोल्डर_सातारा

@नाशिककर, साफ करूनही हलवल्यावर तुटतंय म्हणजे त्या बाजूचा सीसी संपर्क झिजलाय किंवा पोर्टचे टाके (सोल्डरचे जोड) सैल झालेत. टॉर्चमध्ये जीभ नीट बघा: ती मधोमध आहे की एका बाजूला झुकली आहे, आणि सोनेरी पट्ट्यांपैकी एखादी काळी किंवा खोलगट दिसते का. चार्जिंग लावून फोन वापरताना केबलवर सतत ताण येत असेल तर असं होतं.

बऱ्याच फोनमध्ये पोर्ट वेगळ्या छोट्या बोर्डवर असतो, त्याला दुकानात 'चार्जिंग बोर्ड' किंवा 'सब-बोर्ड' म्हणतात. नुसता पोर्ट काढून नवा डकवण्यापेक्षा बोर्डच बदलायला सांगा. गरम हवेने पोर्ट काढताना शेजारचा माइक जातो आणि मग फोनवर तुमचा आवाज पलीकडे पोचत नाही. बोर्ड घेताना फोनचा पूर्ण मॉडेल नंबर सांगा, नुसतं नाव नको. एकाच नावाच्या फोनचे दोन-तीन प्रकार असतात. स्वस्त बोर्डांत फास्ट चार्जिंगचे भागच नसतात. म्हणून पैसे देण्याआधी दुकानातच पीपीएस चार्जर लावून बघा: पिन दोन्ही बाजूंनी 'सुपर फास्ट' दाखवते का, कॉल लावून माइक चालतो का, संगणकाला जोडल्यावर फाइल दिसतात का. फोन उघडला की मागची काच किंवा कव्हर पुन्हा चिकटवावं लागतं. पाण्यापासून संरक्षण असेल तर त्याची मूळ गोंदपट्टी नवी लावायला सांगा आणि तरीही त्यानंतर तो फोन पाण्यापासून लांबच ठेवा.

तोवर ज्या बाजूने पिन नीट लागते त्या बाजूला केबलच्या पिनवर नेलपॉलिशचा ठिपका द्या आणि ठिपका वर ठेवूनच लावत जा.